तुझा मंगळवारचा तास

करुणा,

तुझा मंगळवारचा तास आता माझ्याकडे आला आहे. तू शुक्रवारी पहाटे गेलीस आणि शनिवारी दुपारी विभागप्रमुख बाईंचा फोन आला. आवाज हळवा झाला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. "फार वाईट झालं गं, वय काय होतं तिचं," म्हणाल्या. मग जरा थांबून, "परीक्षा तोंडावर आलीय, पोर्शन राहिलाय. आता मध्येच नवीन माणूस कुठून आणू? तू घेशील ना तिचे तास?"

मी हो म्हटलं. तूही म्हटलं असतंस. आपण दोघींनी आजवर कुठल्या तासाला नाही म्हटलंय?

फोन ठेवला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. तास वाढावेत म्हणून मी दर वर्षी देव पाण्यात घालून बसायचे. या वर्षी वाढले ते असे.

आपली ओळखच मुळी एका जागेवरून झाली. मुलुंडच्या त्या कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनबाहेरचा बाक. लेखनकौशल्य शिकवायला एक माणूस हवा होता, तोही तासिका तत्त्वावर, म्हणजे उभं राहून जेवढं शिकवाल तेवढ्याचाच पगार, आणि बाकावर आपण दोघी. मी इस्त्रीची साडी नेसून, फाइल छातीशी धरून बसलेली. तू धावत आलीस, केस ओले, ओढणी एका खांद्यावर. बसल्या बसल्या विचारलंस, "नेट झालीय?" मी म्हटलं, "सेट झालीय." "मग तुझी वाट लागली, माझं दोन्ही झालंय," असं म्हणून हसलीस. त्या दिवशी तू मला अजिबात आवडली नव्हतीस.

बाईंनी तास अर्धे अर्धे वाटले तेव्हा मी तोंड पाडून बाहेर आले. तू जिन्यात थांबली होतीस. म्हणालीस, "रडतेस काय? पूर्ण मिळालं असतं तरी ते अर्धंच आहे यार. चल, चहा पिऊ."

त्यानंतर दर जूनमध्ये तोच बाक. तीच माणसं टेबलापलीकडे बसून आपल्याला विचारणार, "स्वतःबद्दल सांगा." जणू मार्चपर्यंत त्यांच्याच वर्गावर उभ्या असलेल्या आपण कुणी वेगळ्याच होतो. एका वर्षी तू आत गेलीस आणि दार उघडंच राहिलं. तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "सर, गेल्या वर्षी सांगितलं होतं. त्यात काही बदल नाही." आत कुणीतरी हसलं. मी बाहेर पदर तोंडाला लावला. त्या वर्षी तुझे तास जातील अशी मला भीती होती, पण गेले नाहीत.

स्टाफरूममधल्या खुर्च्यांवर नावं नव्हती, तरी प्रत्येक खुर्ची कुणाची तरी होती. आपली नव्हती. म्हणून आपण जिमखान्यात बसायचो, टेबल टेनिसच्या टेबलावर. नेटच्या एका बाजूला तुझे पेपर, दुसऱ्या बाजूला माझे. मुलं खेळायला आली की दोघींनी गठ्ठे उचलायचे आणि कॅरमच्या खोलीत जायचं. डबाही तिथेच. तुझ्या डब्यातला ठेचा मला सोसायचा नाही आणि माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी तू चमचा घेऊन खायचीस. दुपारी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, दुसरं कॉलेज, दुसऱ्या फाटकावर दुसरा वॉचमन. तो रोज ओळखपत्र मागायचा आणि आपल्याला ते कधी मिळालंच नव्हतं. मी दर वेळी खुलासा करत बसायचे. तू नुसतं म्हणायचीस, "दादा, मी कालचीच," आणि आत जायचीस.

सगळ्यात मोठं भांडण आपलं त्या टेबलावरच झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

वडिलांच्या कामाविषयी दहा ओळी लिहा, असं मी मुलांना दिलं होतं. एकाने लिहिलं होतं, "पप्पा नाईट मारून येतात तेव्हा घरात कोण आवाज नाय करत. मी पण चप्पल हातात घेऊन चालतो." मी "मारून"भोवती गोल केला, "कोण"भोवती केला, "नाय"खाली दोन रेघा ओढल्या. तू नेटवरून हात घालून तो कागद ओढलास.

"काय करतेस तू? चप्पल हातात घेऊन चालतो म्हणतोय तो."

"वाचलं मी. पण हे लेखनकौशल्य आहे करुणा. उद्या कुठे अर्ज लिहील तेव्हा 'नाय' लिहिणार का?"

"अर्ज लिहील तेव्हा शिकव ना. आज तो बापाबद्दल लिहितोय. आधी लिहू तर दे, मग धू."

मी तेव्हा तुला माझ्या बाबांचं सांगितलं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी परळच्या एका ऑफिसात स्वतःच्या हाताने लिहून अर्ज दिला होता, आणि तिथल्या माणसाने तो चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. बाबांनी घरी येऊन आम्हा भावंडांना एवढंच सांगितलं, "शुद्ध लिवा रे." म्हणून मी लाल पेन हातात धरते. माझ्या मुलांवर कुणी हसू नये म्हणून.

तू तो कागद माझ्याकडे परत सरकवलास. मग म्हणालीस, "मला सातवीत बाईंनी निबंध परत दिला होता. ही भाषा घरी ठेवून या, म्हणाल्या. मी ठेवली. मग लिहायला काही उरलंच नाही गं. कॉलेजात जाईस्तोवर मी नुसती दुसऱ्यांची वाक्यं लिहीत होते."

तेवढ्यात मुलं बॅट घेऊन आली आणि आपण उठलो.

नंतर तो विषय कितीदा निघाला. रिक्षात, फोनवर, भाजी निवडताना. गेल्या वर्षभरात तर मुलं मोबाइललाच सांगून निबंध लिहून घ्यायला लागली. एकदा तू तसा एक कागद माझ्यापुढे धरलास. "बघ, एक चूक नाही. खूश हो." मी वाचला. आईविषयीचा निबंध होता. कुणाच्याही आईविषयी चालला असता. तो मुद्दा मी तुला मनातल्या मनात दिला होता. तोंडाने दिला असता तर तू आणखी दहा काढले असतेस. पण बाकी सगळं मला आजही पटत नाही, करुणा. तू गेलीस म्हणून पटलं असं लिहिलं तर तूच चिडशील.

गुरुवारी मेट्रोत तू छातीवर हात ठेवून बसली होतीस. ॲसिडिटी म्हणालीस. मी म्हटलं, उद्या डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, "उद्या दोन तास आहेत. शनिवारी दाखवते." आपल्याला रजा नावाची गोष्ट नव्हती. तू साकीनाक्यापर्यंत डोळे मिटून बसलीस. मग उघडून म्हणालीस, "ए, अहवाललेखन तू कसं शिकवतेस? माझ्या पोरांना झोप येते." मी सांगत राहिले. अंधेरी आलं. संध्याकाळी तू फोनवर एवढंच बोललीस की बरं वाटतंय, पडते जरा.

पहाटे तुझ्या मिलिंददादाचा फोन आला तेव्हा मला वाटलं तुझाच आहे, नंबर तुझा होता.

तुझ्या घरी मी याआधी दोनदाच आले होते. त्या दिवशी दारात चपलांचा ढीग, आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आणि मध्ये तू. तुझ्या आईने मला ओळखलं. जवळ बसवून घेतलं. शेजारच्या बायकांना सांगू लागली, "ही करुणाच्या कॉलेजातली प्रोफेसर." मी मान खाली घातली. मग ती म्हणाली, "करुणा पर्मनंट झाली ना, त्या दिवशी साऱ्या बिल्डिंगीत पेढे वाटले आम्ही. तिच्या बापाच्या फोटोला हार घातला."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

तू मला कधीच सांगितलं नाहीस. सगळं सांगायचीस, कुठल्या कॉलेजने मानधन अडकवलं, कुठल्या बाईने तुला "त्या व्हिजिटिंगवाल्या" म्हटलं. आणि घरी तू पर्मनंट होतीस. मग मला एकेक आठवायला लागलं. मे महिन्यात तुला फोन केला तर नेहमी मागे मुलांचा गलका असायचा. तू क्लासमध्ये दहावीची पोरं शिकवत होतीस, आणि घरी बहुतेक सांगत असशील की कॉलेजचं काम आहे. जूनमधल्या मुलाखतीच्या दिवशी तू मुद्दाम साधे कपडे घालून यायचीस, घरी संशय येऊ नये म्हणून. मला वाटायचं बेफिकीर आहेस.

मला राग आला, करुणा. तू तिथे निजलेली असताना आला. मला का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं? हसले असते? का तुला वाटलं, एका तरी ठिकाणी ते कुणाला ठाऊक नसलेलं बरं?

तुझ्या आईने माझा हात धरला. "रविवारी विहारात तिचं पुण्यानुमोदन आहे. तुमचे प्रिन्सिपॉल येतील ना? सगळ्यांना सांग."

"सांगते, मावशी," मी म्हटलं.

सोमवारी मी प्राचार्य सरांना भेटले. ते वाईट नाहीत. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, कसं झालं ते विचारलं. मी म्हटलं, सर, एक शोकसभा घेऊ या, पाच मिनिटांची. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"कसं आहे मॅडम, नियमित स्टाफ असेल तर सर्क्युलर निघतं. त्या आपल्या रोलवर नव्हत्या. उद्या प्रथा पडेल."

"मरायची?" असं तू विचारलं असतंस. मी नाही विचारलं. मी म्हटलं, "रविवारी तरी कुणी याल का? त्यांच्या आईला बरं वाटेल."

"रविवारी मी बाहेरगावी आहे. बघतो, कुणाला तरी सांगतो." मग त्यांनी खरंच कळवळून विचारलं, "कुठे राहायच्या त्या?"

मी घाटकोपर म्हटलं आणि उठले. दुपारी ग्रुपवर तुझा फोटो आला, कुठल्याशा सहलीतून कापून काढलेला, तुझ्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिलेला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. ग्रुप आपल्या तासिकावाल्यांचा होता. स्टाफच्या ग्रुपवर काय आलं ते मला ठाऊक नाही, तिथे आपण नव्हतो.

मंगळवारी तुझ्या वर्गात गेले. वाणिज्य शाखेचं पहिलं वर्ष. मुलं उभी राहिली, बसली. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, आज करुणा मॅम नाय?"

मी हजेरीपट उघडला होता, तो मिटला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चार दिवस झाले होते आणि कुणालाच वाटलं नव्हतं की मुलांना सांगायला हवं.

"करुणा मॅम शुक्रवारी गेल्या," मी म्हटलं.

"कुठल्या कॉलेजला, मॅम?"

तिने अगदी सरळ विचारलं होतं. तिचा काय दोष? त्यांना शिकवणारी आपल्यासारखी माणसं अशीच जातात. सहा महिन्यांनी, वर्षाने, न सांगता, दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजला.

"नाही गं," मी म्हटलं. "वारल्या."

नंतर वर्गात जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा उठून उभा राहिला आणि त्यालाच कळेना का उठलो ते, मग बसला. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, जणू मी अजून काहीतरी सांगणार आहे. मी फळ्यावर "अहवाललेखन" असं लिहिलं. विषय, दिनांक, उपस्थिती, कार्यवाही. माझा आवाज मलाच लांबून येत होता. कुणी उतरवून घेतलं नाही. मीही घ्या म्हटलं नाही. तास संपल्यावर ती मुलगी, अंकिता, टेबलापाशी आली. "मॅम, त्यांच्या घरी जाता येईल काय?" मी रविवारचं सांगितलं, विहाराचा पत्ता दिला. येतील असं मला वाटलं नव्हतं. रविवार होता, आणि तू त्यांना कितीसं शिकवलं होतंस, एक सत्र, तेही आठवड्यातून मोजके तास.

रविवारी मी वेळेआधी पोचले. विहारात सतरंज्या घातल्या होत्या, बाजूला म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या. मिलिंददादा धावत आला, "जयभीम, या या," आणि मला पुढे घेऊन गेला. खुर्च्यांची पहिली अख्खी रांग त्याने रिकामी ठेवली होती. शेवटच्या खुर्चीला कागद चिकटवला होता, "कॉलेज स्टाफ." मी त्या रांगेत एकटी बसले. लोक येत होते, मागे दाटीवाटीने बसत होते, भिंतीला टेकून उभे राहत होते, आणि त्या रांगेत कुणी बसत नव्हतं, कारण ती कॉलेजची होती. तुझी आई अधूनमधून दाराकडे बघायची, मग माझ्याकडे. आयुष्यात इतकी लाज मला स्वतःची कधी वाटली नव्हती जितकी त्या रिकाम्या खुर्च्यांची वाटली.

भन्तेजी आले. त्रिसरण पंचशील झालं. मी हात जोडून बसले होते, शब्द येत नव्हते, तरी ओठ हलवत होते. तेवढ्यात दारात गडबड झाली. मुलं आली होती. तुझा बराचसा वर्ग. कुणी पांढरा शर्ट शोधून घातला होता, कुणी कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या लांब. त्यांना कुठे बसायचं कळेना. मी उठून हात केला. ती एकामागून एक आली आणि त्या रांगेत बसली. खुर्च्या भरल्या तशी उरलेली माझ्या पायाशी सतरंजीवर बसली.

आदरांजलीला सुरुवात झाली. तुमच्या शेजारचे एक काका माइकवर होते. ते म्हणाले, "आता कॉलेजच्या वतीने मॅडम दोन शब्द बोलतील." कॉलेजच्या वतीने बोलायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले. तुझ्या आईकडे बघितलं आणि म्हटलं, "मी आणि करुणा एकाच टेबलावर बसायचो. ती माझं ऐकायची नाही." लोक थोडे हसले. पुढचं काही सुचेना. वाक्य जुळवायला शिकवणारी बाई मी, आणि एक वाक्य जुळेना. खाली बसले.

मग तो उंच मुलगा उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माइक हातात घेऊन म्हणाला, "मी रोहित. मी गोवंडीवरून आलोय. मॅम मला बोल्ली की तू लिव, मी वाचते. माझं कोण वाचत नव्हतं. मी लिवलं तर ती रात्रीची वाचून सकाळी मला सांगायची की तुझी ती लाईन भारी होती. मला अजून नीट नाय लिवता येत. पण मी लिवतो." एवढं बोलून तो माइक परत द्यायला विसरला आणि तसाच उभा राहिला.

"बोल्ली." "लिव." "लाईन." माझं डोकं एकेक शब्द अडवत होतं, आणि खाली माझ्या हातातला रुमाल पार भिजला होता. दोन्ही एकदमच चालू होतं. ते मला थांबवता आलं नाही. तुझ्याशी या बाबतीत मी पुढेही भांडत राहणार आहे, एवढं समज.

जेवणं सुरू झाली. मुलं पंगतीत बसली, वाढायलाही उठली. तुझ्या आईने मला आतल्या खोलीत बोलावलं, जिथे भांडी ठेवली होती. दार लोटून घेतलं. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पोरी, खरं सांग. करुणा पर्मनंट नव्हती ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. येताना बसमध्ये मी ते ठरवूनही ठेवलं होतं. पण ती माझ्याकडे नुसती बघत होती, आणि तिचे डोळे हुबेहूब तुझे आहेत.

"नव्हती, मावशी."

तिने मान हलवली. तिला रडू येईल असं मला वाटलं, पण नाही आलं. बाहेर रोहित कुणाला तरी भात हवा का विचारत होता. ती दाराच्या फटीतून त्याच्याकडे, मग त्या सगळ्यांकडे बघत राहिली.

"मग एवढी पोरं कशी आली गं?" तिने विचारलं.

मला सांगायचं होतं, करुणा. तुझ्याविषयी मला जे काही माहीत आहे ते सगळं त्या एका उत्तरात बसलं असतं. पण मी नुसती तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. मग तीच म्हणाली, "चल, त्यांना काय हवं नको बघू," आणि दार उघडून बाहेर गेली. एकेका मुलापाशी थांबून तिने स्वतःच्या हाताने वाढलं. प्रत्येकाला नाव विचारलं. अंकिताला तर गालाला हात लावून म्हणाली, "आणखी घे, लाजू नको."

नाहूरला घरी आले तेव्हा दिवस कलला होता. कुलूप काढलं, पंखा लावला, साडी न बदलताच खुर्चीत बसले. वाटलं, कुणाला तरी सांगावं. कोण आलं, कोण नाही आलं, कोण काय बोललं, तुझ्या आईने काय विचारलं. सगळं सविस्तर, मध्ये मध्ये हसत, एकमेकींना तोडत, जसं आपण दर कार्यक्रमानंतर बोलायचो तसं. फोन हातात घेतला, आणि लक्षात आलं की हे सगळं ज्या एका माणसाला सांगितलं असतं, ती तूच.